हाऊ कोना पाय शे? हिममानवाच्या शोधाला निघणाऱ्या खान्देशी भावंडांसाठी

हिममानव शोधायचा सराव यावल-रावेरकडच्या शेतरस्त्यावर करा, असं म्हटलं की लोक हसतात. पण जरा बघा. शंभर वर्षांत हिममानवाचा म्हणून जो पुरावा पुढं आला, त्यात खुद्द प्राणी एकदाही नाही. ठसे आहेत, थोडे केस आहेत, एखादं हाड आहे, मठात जपून ठेवलेली टाळू, म्हणजे डोक्यावरची केसाळ कातडी, आहे. त्यातही गाजले ते ठसेच. म्हणजे यती शोधणं हे मुळात ठसे वाचण्याचं काम. आणि ठसे वाचायला शिकायचं तर आपल्याकडच्या एप्रिलमधल्या फुफाट्यासारखी पाटी नाही. मैद्यासारखी माती, वारा पडलेली पहाट, आणि रात्रभर त्यावरून गेलेलं प्रत्येक जनावर सही करून गेलेलं.

घरातल्या भावंडांना, म्हणजे सख्खी, चुलत, मावस अशी तीन-चार पोरं जमतात त्यांना, बर्फात न्यायचं ठरत असेल तर ही तयारी महिनाभर आधी सुरू करा. नुसतं बर्फ बघायला गेलं की दोन तासांत हातमोजे ओले होतात आणि धाकटं रडायला लागतं. हातात काम असलं की तेच पोरगं चार तास टिकतं.

आधी थोडा इतिहास, कारण पोरं प्रश्न विचारणारच. १९२१ साली एव्हरेस्टच्या पाहणीला गेलेल्या ब्रिटिश तुकडीचा म्होरक्या हॉवर्ड-बरी याला ल्हाक्पा ला या खिंडीजवळ, वीस हजार फुटांच्या वर, मोठे ठसे दिसले. त्याला स्वतःला ते लांडग्याचे वाटले होते. हमालांनी जे नाव सांगितलं ते कलकत्त्यात बसलेल्या न्यूमन नावाच्या पत्रकारानं चुकीचं समजून ‘घाणेरडा हिममानव’ अशा अर्थानं छापलं आणि गोष्ट जगभर झाली. ‘यती’ हा शब्द ऐकला की आपल्याला भगव्या कपड्यातला संन्यासी आठवतो, पण त्याचा या शब्दाशी संबंध नाही. शेर्पांच्या ‘ये-ते’ मधला ‘ते’ म्हणजे अस्वलाच्या जातीचं जनावर, आणि ‘ये’ म्हणजे खडकाळ जागा. नावातच अस्वल बसलेलं आहे, फक्त ते कुणी नीट ऐकलं नाही.

१९५१ साली शिप्टन आणि वॉर्ड या ब्रिटिश गिर्यारोहकांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेला फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. ठसा साधारण १३ इंच, शेजारी मापासाठी बर्फ फोडायची कुऱ्हाड. मापासाठी वस्तू ठेवली हे फार चांगलं केलं. पण गाजला तो एकच ठसा. त्याच्या आधीचं पाऊल कुठं, नंतरचं कुठं, डावं कोणतं, उजवं कोणतं, हे त्या एका फोटोवरून सांगता येत नाही. ही चूक लक्षात ठेवा, पुढं कामाची आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या लष्करानं मकालू शिखराच्या तळाजवळ ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे दिसल्याचं ट्विटरवर टाकलं, त्यावरही आठवडाभर गोंधळ झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, शार्लट लिंडक्विस्ट या शास्त्रज्ञ बाईंच्या गटानं वेगवेगळ्या संग्रहांतले ‘यतीचे’ म्हणून ठेवलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले होते. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

मग पोरांना सांगायचं काय, यती नाहीच? माझं मत असं की घरून निघताना निकाल सांगू नका. ‘हाऊ कोना पाय शे?’, म्हणजे हा पाय कुणाचा, एवढा एकच प्रश्न द्या आणि ठसा दिसला की दर वेळी तोच विचारा.

फुफाट्यातली शाळा

पहाटे नाही, उजाडल्यावर. केळीच्या बागांच्या कडेनं बिबट्या फिरतो आणि सातपुड्याच्या पायथ्याला अस्वल आहे, तेव्हा सूर्य वर आल्यावर, मोठं माणूस बरोबर घेऊन, उघड्या गाडरस्त्यावरच जायचं. नाल्यात, झुडपात, बागेच्या आत नाही. सात-आठ सेंटीमीटरहून मोठा, नखं न उमटलेला, गोल ठसा दिसला तर त्याचा माग काढायचा नाही. जागेवरून मागं फिरायचं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

सामान थोडंच लागतं. शाळेची १५ सेंटीमीटरची पट्टी, शिंप्याची टेप, आखीव वही, शिसपेन्सिल (बॉलपेन थंडीत चालत नाही, म्हणून सवय आत्तापासूनच पेन्सिलीची), मोबाईल आणि एक टॉर्च. पट्टी स्टीलची नको, फोटोत चमकते आणि आकडे दिसत नाहीत. पिवळी प्लास्टिकची घ्या.

कामाची वाटणी हा यातला सगळ्यात नाजूक भाग. तीन भावंडं असतील तर थोरली वही धरते, मधला मापं घेतो, धाकट्याकडे पट्टी ठेवण्याचं काम. धाकट्याला हे काम कमी वाटतं, पण पट्टी ठशाच्या पातळीत, ठशाला समांतर आणि ठशात न पडता ठेवणं हेच सगळ्यात अवघड आहे. पट्टी मातीच्या वर उंच राहिली तर फोटोत माप चुकतं, ठसा लहान दिसतो. वाटणी रोज फिरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

आणि एक नियम, ज्याच्याशिवाय बाकी सगळं वाया: ज्याला ठसा आधी दिसला त्यानं तो मोजायचा नाही. शोधणाऱ्याला तो ठसा मोठा हवा असतो. त्याची पट्टी आपोआप अर्धा सेंटीमीटर पुढं सरकते. यात लबाडी नसते, तो हौसेचा दोष आहे, आणि हिमालयात गेलेल्या भल्याभल्यांना तो चिकटला. दुसरा उपनियम असा की प्रत्येकानं आपापल्या पानावर ठशाचं चित्र आधी काढायचं, मग तोंड उघडायचं. दादानं ‘लांडगा!’ असं ओरडल्यावर बाकीच्या दोघांच्या चित्रात लांडगाच उतरतो.

शोधायला काय आहे? कुत्रा आणि मांजर यांच्यातला फरक पहिल्या दिवशीच कळतो. कुत्र्याच्या चार बोटांपुढं नखांची टोकं उमटतात, मांजर नखं आत ओढून चालते. शेळी, मेंढी, गाय, रोही, रानडुक्कर यांचे खूर दोन-तीन दिवसांत ओळखू येतात. रानडुकराच्या ठशामागं दोन बाजूंना मागच्या छोट्या खुरांचे ठिपके पडतात, शेळीच्या मागं सहसा नाही. कोल्हा आणि गावठी कुत्रा यांत मात्र मोठी माणसंही फसतात. एका ठशावर तो फरक सांगूच नका, चाल बघा. कोल्हा कामावर निघाल्यासारखा सरळ रेषेत जातो, कुत्रं दर चार पावलांवर काहीतरी हुंगायला वळतं.

अस्वलाचं पाऊल पोरांना चित्र काढून समजावा, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. आपल्या पायाचा अंगठा आतल्या बाजूला आणि सगळ्यात मोठा. अस्वलाच्या मागच्या पायाची टाच-तळवा आपल्यासारखाच लांबट, पाच बोटं, पण सगळ्यात मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं आणि सगळ्यात बारीक आत. म्हणजे अस्वलाचा डावा ठसा पाहणाऱ्याला माणसाच्या उजव्या पायाचा वाटू शकतो. सातपुड्यातल्या आपल्या अस्वलाची बोटं जवळजवळ सरळ ओळीत असतात आणि नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढं पडतात. हिमालयातल्या तांबूस अस्वलाचीही नखं लांब, पण बर्फ मऊ असला की ती दिसेनाशी होतात आणि मागं उरतो तो माणसासारखा अनवाणी तळवा.

दोन प्रयोग, घरच्या घरी

पहिला अंगणात किंवा नदीच्या ओल्या रेतीत. थोरल्याला हातापायांवर, गुडघे न टेकता चालायला लावा. हात जिथं पडला तिथंच त्याच बाजूचा पाय आणून ठेवायचा, पण थोडा मागं, म्हणजे तळहाताचा खालचा भाग पायाच्या बोटांखाली झाकला जाईल असा. धाकट्यानं मागून येऊन उरलेला ठसा मोजायचा. १२-१३ वर्षांच्या मुलाचा पाय २२-२३ सेंटीमीटरचा असतो, ठसा त्याच्या दीडपट लांब भरू शकतो, आणि पुढं हाताच्या बोटांची लांबलचक टोकं. अस्वल चालताना हेच करतं. पुढच्या पावलाच्या ठशावर मागचं पाऊल अर्धवट पडतं. चार पायांचं जनावर दोन पायांच्या राक्षसाचा माग सोडून जातं.

दुसरा प्रयोग बर्फाचा, आणि तो खान्देशातच करण्यात मजा आहे. गोळेवाल्याकडून दोन-तीन किलो किसलेला बर्फ घ्या. परातीत नाही, धान्याच्या मोठ्या चाळणीत चार बोटं जाडीचा थर दाबून बसवा आणि चाळण बादलीवर ठेवा. परातीत ठेवलात तर पाणी खाली साचून ठसा तळापासून विरघळतो आणि प्रयोग फसतो. लहान मुलाची मूठ, बोटांच्या उंचवट्यांची बाजू खाली करून, बर्फात दाबा, दोन ठसे काढा. एकावर ताट उपडं ठेवून सावली करा, दुसरा सकाळच्या उन्हात राहू द्या. दर तीन मिनिटांनी लांबी-रुंदी वहीत. मे महिन्यात दुपारी करू नका, ठसा बघता बघता विरघळेल. सकाळी सात-साडेसातचं ऊन बरोबर.

जवळून बघा काय होतं ते. ठशाची कड आधी चकचकीत होते, मग तिचा धारदारपणा जातो, मग ती आत कलते आणि बाहेर सरकते. बोटांमधल्या पातळ भिंती सगळ्यात आधी कोसळतात, कारण त्यांना दोन्ही बाजूंनी ऊन आणि वारा लागतो. चार उंचवट्यांचे दोन होतात, दोनाचा एक होतो. ठसा वाढत जातो आणि वाढता वाढता साधा होत जातो. कोल्ह्याचं पाच सेंटीमीटरचं पाऊल असं दोन-चार दिवस उन्हात राहिलं की त्याचा आकार आणि मालक दोन्ही बदलतात. उड्या मारत जाणाऱ्या सशाचे चारही पाय एका खळग्याजवळ पडतात, ते विरघळून एक झाले की एका मोठ्या पायाचा ठसा तयार. हा प्रयोग केलेल्या पोरांना ३२ इंचाची बातमी दाखवली की पहिला प्रश्न येतो, ‘ठसा किती दिवसांचा होता?’

एक गणितही करून घ्या. माणसाच्या पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते. भावंडांनी आपापली मापं घेऊन ताळा करावा, जवळपास जमतं. शिप्टनच्या १३ इंचांना, म्हणजे ३३ सेंटीमीटरला, हेच सूत्र लावलं तर उंची २.२ मीटर येते. उंच, पण अशी माणसं असतात. ३२ इंचाला लावलं तर ५.४ मीटर, जवळजवळ अठरा फूट, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीला हात टेकेल असा गृहस्थ. पोरं इथं हसतात. हसू द्या.

बर्फात जायचं ते कधी, कुठं

आपल्याकडून सगळ्यात सोयीचं म्हणजे मनाली आणि पलीकडचं लाहौल. भुसावळ-जळगावहून दिल्लीकडं जाणाऱ्या गाड्या भरपूर, पंजाब मेल आहे, झेलम आहे. दिल्लीहून मनाली रात्रभराची बस. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून, नऊ किलोमीटर आतून गेलं की पलीकडं लाहौल, सिस्सू गाव साधारण ३,१०० मीटरवर.

वेळेची अडचण खरी आहे. अस्वलं थंडीत झोपलेली असतात, साधारण एप्रिलपासून बाहेर पडतात. म्हणजे ठसे हवे असतील तर तेव्हा जायला हवं. पण आपल्याकडं परीक्षा संपेपर्यंत एप्रिल सरतो आणि मे महिन्यात सिस्सूत रस्त्याशेजारी बर्फ उरलाच असेल असं नाही, तो वरच्या उतारांवर गेलेला असतो, जिथं पोरांना न्यायचं नाही. उलट जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ भरपूर, पण अस्वल झोपलेलं. मला विचाराल तर जानेवारीच्या अखेरीला चार दिवस शाळा बुडवा. अस्वल भेटणार नाहीच, भेटूही नये. कोल्हा, ससा, पक्षी आणि गावची केसाळ कुत्री यांचे ताजे ठसे भरपूर मिळतात, आणि हिममानवाच्या बातम्या यांच्याच ठशांतून जन्माला येतात. बर्फ पडून गेल्यानंतरचा पहिला दिवस सगळ्यात चांगला.

उंचीचं मनावर घ्या. भुसावळ दोनशे मीटरवर. तीन हजार मीटरवर हवेचा दाब, आणि म्हणून श्वासाला मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास. पहिल्या दोन रात्री मनालीतच झोपा, दिवसा पलीकडं जाऊन संध्याकाळी परत या. मुलांच्या बाबतीत घोटाळा असा होतो की घाटात लागलेली गाडी आणि उंचीचा त्रास सारखाच दिसतो, दोन्हींत उलटी. फरक वेळेचा आहे. गाडी लागलेलं पोरगं उतरून तासाभरात खायला मागतं. उंचीचा त्रास वर पोचल्यावर काही तासांनी, बहुतेक रात्री सुरू होतो आणि वाढत जातो. डोकं दुखतं, जेवण नको, खेळ नको, चिडचिड. लहान मुलाला ‘डोकं दुखतंय’ हे नीट सांगता येत नाही, ते नुसतं गप्प बसतं. गप्प बसलेल्या पोराला घेऊन खाली या, त्याच रात्री. सकाळपर्यंत बघू असं म्हणू नका. झोपेची गोळी तर अजिबात नको.

कपड्यांत आपली ठरलेली चूक म्हणजे सुती बनियनवर दोन स्वेटर. सुती कापड घामानं भिजतं आणि भिजलेलं राहतं. आत अंगाला चिकटणारं थर्मल, मध्ये लोकर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. जाकीट आणि गमबूट मनालीहून सोलंगकडं जाताना भाड्यानं मिळतात, घेऊ नका विकत, खान्देशात परत आल्यावर त्याला कपाटच लागतं. मोजे मात्र घरून न्या, माणशी चार जोड. हातमोज्यांचे दोन थर हवेत. आत पातळ, म्हणजे पेन्सिल धरता येते, वरून जाड. नुसते जाड दिले की नोंद करताना पोरं ते काढून बर्फावर ठेवतात आणि तिथून रडारड सुरू.

आणि गॉगल. जळगावात ४५ अंशांत फिरणाऱ्या माणसाला उन्हाचं काय भय, असं वाटतं, पण ताजा बर्फ अंगावर पडणारं बहुतेक ऊन परत फेकतो, ते खालून हनुवटीवर आणि डोळ्यांत येतं. दिवसभर गॉगलशिवाय राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चरचरतं.

खाण्याचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळगुळाचे लाडू, मुरमुऱ्याचा चिवडा. केळी नेऊ नका. आपलं पीक म्हणून हौस असते, पण केळ्याला १३ अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, साल काळी पडते आणि आतून पिकत नाही. वेफर्स न्या.

बर्फावरचं काम

सपाट जागा, गावाच्या जवळ, पायवाटेच्या कडेनं. उताराचा अंदाज घ्यायला कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या खिशात ठेवा. पाया आडवा धरून तिरप्या बाजूनं समोरच्या उताराकडं बघायचं. ३० अंशांहून जास्त उतार असेल तर त्यावरही जायचं नाही आणि त्याच्या खालीही थांबायचं नाही, विशेषतः बर्फ पडून गेल्यानंतर. बहुतेक हिमलोट ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात. भूमितीच्या तासाला न समजलेला कोन इथं दोन मिनिटांत समजतो.

माग सापडला की त्याच्यावर पाय देऊ नका, एका बाजूनं समांतर चाला. आधी लांबून सगळ्या मागाचा फोटो, मग सलग सहा पावलांचा, मग एकेका ठशाचा, बरोबर वरून, पट्टीसह. शिप्टनचा एकुलता ठसा आठवा. पावलापावलातलं अंतर आणि डाव्या-उजव्यातली रुंदी टेपनं मोजा. वहीत तारीख, वेळ, ऊन की सावली, शेवटचा बर्फ कधी पडला, आणि कड धारदार की गोलावलेली, एवढं हवं. कडेची नोंद म्हणजे ठशाचं वय, ती गाळली की बाकीची मापं लंगडी.

पांढऱ्यावर पांढरा ठसा फोटोत दिसतच नाही, ही पहिल्या दिवसाची हमखास निराशा. दुपारचं डोक्यावरचं ऊन निरुपयोगी. सकाळी किंवा चारनंतर, ऊन तिरपं असताना काढा. दुपारीच काढायचा असेल तर एकानं छत्रीनं सावली करायची, दुसऱ्यानं टॉर्च जमिनीलगत आडवी धरायची, ठशात सावल्या उभ्या राहतात. मोबाईल बर्फाला करडा करून टाकतो, तेव्हा पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. थंडीत बॅटरी झपाट्यानं बसते म्हणून मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून. खोलीत परतताना तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, मग आत न्या, नाहीतर भिंगावर आणि आतही बाष्प धरतं.

आता प्लास्टरचा साचा, ज्याची पोरं सगळ्यात जास्त वाट बघतात. तो आधी घरी मातीत जमला पाहिजे. कुत्र्याएवढ्या ठशासाठी अर्धी वाटी पाणी, एक वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरमध्ये ओतायचं नाही, गाठी होतात. हळू ढवळायचं, जोरात घुसळलं की बुडबुडे राहतात आणि साच्यावर देवीचे व्रण उठतात. धिरड्याच्या पिठाइतकं पातळ झालं की थांबा. ठशाभोवती चार-पाच सेंटीमीटर उंच पुठ्ठ्याची पट्टी गोल लावा आणि ठशाच्या कडेला चमच्यावरून हळूच ओता, थेट मधे नाही. फुफाटा असेल तर आधी न्हाव्याकडं असते तसल्या फवाऱ्याच्या बाटलीनं, दोन फूट उंचावरून, नुसतं धुकं सोडा. तसं केलं नाही तर सुकी धूळ प्लास्टरवर तरंगते आणि ठसा धुऊन जातो. अर्धा-पाऊण तास हलवू नका. प्लास्टर जुनं, उघडं राहिलेलं असेल तर ते घट्टच होत नाही, पुडी नवी घ्या. उरलेलं मोरीत ओतू नका, तुंबलीच म्हणून समजा. आणि पोरांनी त्यात हात बुडवायचा नाही, घट्ट होताना ते चटका बसण्याइतकं तापतं.

नेमकं हेच तापणं बर्फात घात करतं. प्लास्टर ओतलं की ते ठसा वितळवतं आणि साच्याऐवजी लाडू निघतो. उपाय असा की आधी ठशावर पाण्याचं धुकं दोन-तीनदा मारायचं, दर वेळी गोठू द्यायचं, म्हणजे आतून बर्फाची पातळ काच बसते. ही युक्ती तापमान शून्याच्या खाली असेल तरच चालते, म्हणून सकाळी लवकर. प्लास्टर कालवायचं ते बर्फ टाकून गार केलेल्या पाण्यात. घट्ट व्हायला तासाहून जास्त लागतो, तेवढा वेळ पोरांना दुसरीकडं गुंतवा. पहिला प्रयत्न स्वतःच्या बुटाच्या ठशावरच करा. बुटाची नक्षी साच्यात उतरली तर कोल्ह्याकडं वळा. पोलिसांच्या कामात यासाठी वितळलेलं गंधकही वापरतात, पण त्याचा धूर घातक, ते घरच्या मोहिमेत नको. अभयारण्यात असलं काहीही करायचं तर वनविभागाची परवानगी लागते. काट्याला केस अडकलेले दिसले तर फोटो काढून तिथंच सोडा. संरक्षित प्राण्याचा केस जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं.

ज्यांची पोरं जरा मोठी आहेत, बारा-तेराच्या पुढची, त्यांच्यासाठी नेपाळमधलं खुमजुंग आहे, ३,७९० मीटरवर. तिथल्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, यतीची म्हणून ठेवलेली टाळू बघायला मिळते. १९६० मध्ये एडमंड हिलरींनी ती गावाकडून मुदतीवर मागून शिकागो, पॅरिस, लंडनला तपासायला नेली, गावचे खुंजो चुंबी सोबत गेले, आणि ती सेरो नावाच्या रानबकरीवजा जनावराच्या कातड्याची घडवलेली निघाली. गावानं ती तरीही जपून ठेवली आहे. भुसावळहून कुशीनगर किंवा काशी एक्स्प्रेसनं गोरखपूर, सुनौलीच्या सीमेवरून काठमांडू, पुढं विमानानं लुक्ला. गर्दीच्या हंगामात ही विमानं काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात आणि तिथवर चार-पाच तासांचा रस्ता आहे, तेव्हा तिकीट घेताना विमान कुठून सुटणार ते विचारून घ्या. मोठ्यांकडं पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधारवर भागत नाही. लुक्लापासून चालत नामचे, तिथं एक दिवस विश्रांती, मग खुमजुंग. विश्रांतीचा दिवस वाचवायचा नाही. नेपाळनं १९५० च्या दशकात यती शोधणाऱ्या तुकड्यांसाठी नियम केले होते: पाच हजार भारतीय रुपये शुल्क, फोटो काढा, जिवंत पकडा, पण स्वतःचा जीव वाचवायची वेळ आल्याशिवाय मारायचं नाही. पोरांना हा नियम फार आवडतो. कुणीतरी बसून तो गंभीरपणे टाइप केला असणार.

परत येताना साचे गोधडीत गुंडाळून खालच्या बर्थखाली ठेवा, वर नाही. प्लास्टर ओलं असताना ठिसूळ असतं. घट्ट होत आलं की लगेच मागच्या बाजूला खिळ्यानं तारीख आणि जागा कोरा, वाळल्यावर ते जमत नाही. घरी सावलीत दोन-तीन दिवस वाळवा, आपल्या मेच्या उन्हात टाकलात तर तडा जातो. मग मऊ ब्रशनं माती काढा, पाण्यानं धुऊ नका. साच्यावर साबणाच्या पाण्याचे दोन हात देऊन त्यावर पुन्हा प्लास्टर ओतलं की मूळ ठसा मिळतो, आणि त्याच साच्यातून आणखीही काढता येतात. भावंडं जितकी, तितके काढा.